दूध, अंडे आणि शुद्धतेचे राजकारण : पोटाचा इतिहास काय सांगतो?

कर्जत-खालापूरच्या कातकरीवाड्या, ठाकूरवाड्या आणि बौद्धवाड्यांमध्ये पोषणाचा विषय निघाला की बाहेरून आलेला शहाणा माणूस एक सल्ला हमखास देतो : "दूध प्या, सात्त्विक खा." दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात, असे कोणी सांगितले तर निष्कर्ष तयारच असतो : "यांना चांगल्या अन्नाची सवयच नाही." या वाक्यात जात कुठे लपली आहे, ते आम्हाला येथे दाखवायचे आहे.

आधी विज्ञान पाहू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. सस्तन प्राण्यांच्या पिलांत ते भरपूर असते आणि आईचे दूध सुटल्यावर कमी होत जाते. माणसाचाही मूळ नियम हाच. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेले की तेथील जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो, आतड्यात पाणी ओढले जाते आणि पोट बिघडते. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे हा काही रोग नव्हे, ती माणसाची जुनी, मूळ अवस्था आहे. जगातील बहुसंख्य प्रौढ आजही त्याच अवस्थेत आहेत.

अपवाद कोण? ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे गुरे पाळली, त्यांच्यापैकी काही समूह. त्यांच्यात एक जनुकीय बदल टिकला आणि लॅक्टेज मोठेपणीही सुरू राहिले. २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी हा बदल शोधला. आफ्रिकेतील पशुपालकांत हेच काम करणारे वेगळे बदल स्वतंत्रपणे झाल्याचे २००७ मध्ये समोर आले. भारतात युरोपातलाच बदल आढळतो, हे २०१२ च्या अभ्यासाने दाखवले. वायव्येकडे तो जास्त दिसतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातो. पण नीलगिरीत म्हशी पाळणाऱ्या तोडा या आदिवासी समाजात तो मोठ्या प्रमाणात आहे. यावरून काय सिद्ध होते? दूध पचणे हे पूर्वजांच्या पोटापाण्याच्या धंद्यावर अवलंबून आहे. वर्णाशी किंवा पावित्र्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे मात्र अन्नाची उतरंड लावली गेली. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे भाग केले आहेत. ही उतरंड ग्रंथात राहिली नाही, माणसांवर लादली गेली. आमच्याच भागातील कातकऱ्यांचे उदाहरण घ्या. कात पाडणारा, मासे-खेकडे, कंद, उंदीर यांवर जगलेला हा समाज. त्याच्यातही सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे भेद पडले आणि गोमांस खाणारे ढोर कातकरी खालचे मानले गेले. जातिव्यवस्थेने आधीच तळाशी ढकललेल्या समाजातही ताटावरून आणखी एक पायरी तयार झाली.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच गाठ सोडवली. ब्राह्मण एकेकाळी गोमांस खात होते. बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात त्यांनी ते सोडले आणि जे खात राहिले ते अस्पृश्य ठरले, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. काही मित्र विचारतात, मग महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला बाबासाहेबांनी का सांगितले? मित्रहो, त्यांनी मृतमांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, कारण त्यांच्याशी गावकीची गुलामी बांधलेली होती. तो स्वाभिमानाचा आदेश होता. त्याला शाकाहाराचा उपदेश समजणे ही दिशाभूल आहे.

महाडची आणखी एक गोष्ट पोटाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. २० मार्च १९२७ ला आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले! माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, हे त्यांचे शास्त्र. शेणातून आतड्यातले जंतू पाण्यात उतरतात, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

पाण्याचा आणि दुधाचा संबंध थेट आहे. लॅक्टेज आतड्याच्या अस्तरावरील बारीक केसरांच्या टोकाशी असते. दूषित पाण्याने जुलाब झाले की ही टोके खराब होतात आणि एरवी दूध पचवणाऱ्या लहान मुलालाही काही काळ ते पचेनासे होते. अशा वेळी दोष मुलाच्या 'सवयी'चा की पाण्याचा? खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला पोहोचते, डोंगरावरच्या वाड्या मात्र झरे आणि उघड्या विहिरींवर दिवस काढतात. आतडी कोणाची बिघडणार, हे येथेच ठरते.

आम्ही दुधाच्या विरोधात नाही. ज्याला पचते त्याने खुशाल प्यावे. ज्याला पचत नाही त्यालाही दही, ताक बहुधा चालते, कारण आंबवताना बरेच लॅक्टोज संपते. आमचा विरोध दुधाला पवित्र ठरवून अंड्याला ताटाबाहेर काढण्याला आहे. अंड्यात लॅक्टोज नसते आणि प्रथिने उत्तम प्रतीची असतात. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. वाडीवरच्या शाळेने लोकसहभाग कोणाकडून आणायचा? ज्यांची चूल मजुरीवर पेटते त्यांच्याकडून?

आमच्या मागण्या साध्या आहेत. शाळेतल्या अंड्याचा खर्च सरकारने उचलावा, ज्याला नको त्याला केळे द्यावे. प्रत्येक वाडीला पिण्याचे शुद्ध पाणी द्यावे. आणि मुलांच्या ताटात काय असावे हे पोषणशास्त्राने ठरवावे, शुद्धतेच्या कल्पनेने नव्हे. पुढच्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत हे ठराव मांडा. चवदार तळ्याचा लढा पाण्यावरच्या हक्काचा होता. ताटावरच्या हक्काचा लढा अजून बाकी आहे.

जय भीम!