काहिलीची वाफ आणि घरातली हवा : उष्णता परत मिळवण्याचा इतिहास

१/ वारणाकाठच्या गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटतो. चुलवाणात चिपाडे जळत राहतात, गुळव्या रसाचा रंग न्याहाळत उभा असतो आणि काहिलीवरची वाफ थेट आभाळात विरते. जळणातून मिळालेल्या उष्णतेचा मोठा वाटा त्या वाफेबरोबर निघून जातो.

२/ तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात वारणानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्यातही रसातले पाणीच उडवायचे असते. पण तेथे पहिल्या बंद पात्रातून निघालेली वाफ दुसऱ्या पात्रातील रस उकळवते आणि दुसऱ्याची वाफ तिसऱ्यातील.

३/ हे साधते ते दाबामुळे. पुढच्या प्रत्येक पात्रात दाब कमी राखला जातो, त्यामुळे तेथील रस कमी तापमानाला उकळतो आणि आधीच्या पात्राची वाफ त्याला पुरेशी ठरते. चार पात्रांच्या मालिकेत एक किलो वाफेवर जवळपास चार किलो पाणी उडवता येते.

४/ ही पद्धत व्यवहारात आणली नॉर्बर्ट रिलिए यांनी. त्यांचा जन्म १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा. वडील गोरे, आई मिश्रवंशीय. शिक्षण पॅरिसमध्ये झाले. त्या काळी लुईझियानाच्या मळ्यांवर गुलाम मजूर उकळता रस ओगराळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत असत. भाजून जखमी होणे नित्याचेच होते.

५/ रिलिए यांना १८४३ आणि १८४६ मध्ये पेटंटे मिळाली. बंद पात्रांमुळे रस हाताने ओतण्याचे काम संपले आणि जळणही वाचले. गुलामगिरी मात्र यंत्राने संपली नाही. त्यासाठी यादवी युद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती घडावी लागली. रिलिए पुढे पॅरिसला परतले व १८९४ मध्ये तेथेच वारले.

६/ वारणानगरला १९६८ मध्ये सहकारी दूध संघ स्थापन झाला. दूध निर्जंतुक करण्याच्या प्रचलित पद्धतीत ते ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. म्हणजे आधी तापवण्यासाठी खर्च आणि मग थंड करण्यासाठी पुन्हा खर्च.

७/ त्यावर १९२३ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड सेलिगमन यांनी पातळ पत्र्यांचा उष्णता-विनिमयक आणला. पत्र्याच्या एका बाजूने तापलेले दूध बाहेर पडते, दुसऱ्या बाजूने थंड दूध आत येते. दोन्ही कधी मिसळत नाहीत. उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते. आधुनिक यंत्रात ९० टक्क्यांहून अधिक उष्णता अशी परत मिळू शकते.

८/ आता दुधाच्या जागी हवा धरावी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांत घरांच्या फटी बुजवणे सुरू झाले. इंधन वाचले, पण श्वास, स्वयंपाक आणि आंघोळ यांचा ओलावा आतच कोंडू लागला. भिंतींवर बुरशी चढली, हवा कुबट झाली. खिडकी उघडावी तर पैसे मोजून मिळवलेली ऊब निघून जाते.

९/ कॅनडातील रेजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घराने या पेचाला उत्तर दिले. तेथे बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला पत्र्याआडून ऊब देत असे. घरात २० अंश, बाहेर शून्य आणि यंत्राची क्षमता ८० टक्के असेल, तर ताजी हवा १६ अंशांवर आत येते.

१०/ १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने पहिले ‘पॅसिव्ह हाउस’ उभे राहिले. पुढे जुन्या इमारतींच्या नूतनीकरणासाठी स्वतंत्र मानक आले. त्यामागचे सूत्र असे की फटी बुजवायच्या असतील तर हवेची वाट आधी आखावी.

११/ महाराष्ट्रातील जुन्या घरांना या यंत्राची गरज पडली नाही. वाड्याचा चौक, झरोके आणि कौलांमधील फटी घर वाहते ठेवत. काचबंद वातानुकूलित इमारतींत मात्र तोच पेच उलट्या बाजूने येतो. तेथे बाहेर जाणारी थंड हवा आत येणाऱ्या उष्ण हवेला निववू शकते. भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत हॉटेले व रुग्णालयांतील मोठ्या यंत्रणांसाठी अशी तरतूद आहे.

१२/ या यंत्रालाही मर्यादा आहेत. पंख्यांना वीज लागते, गाळण्या वेळोवेळी स्वच्छ कराव्या लागतात, आणि वारणेकाठच्या घरात वर्षाचा बराच काळ उघडी खिडकी पुरते. परंतु घर काचबंद करताना ताज्या हवेचा विचार सुटला, तर वाचलेल्या विजेची किंमत आतल्या माणसांच्या फुप्फुसांना चुकवावी लागते.