‘जेवणानंतर एक गोळी’, पण जेवणाचे काय?

नांदे परिसरात इमारती वाढल्या, तसे बांधकामावरचे मजूरही तपासणीला येऊ लागले. त्यांतल्या एका मधुमेही मिस्त्रींना भर दुपारी दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. रक्तातली साखर निघाली ५२. सकाळी गोळी घेतली होती. पोटात मात्र फक्त चहा. “जेवला का नाहीत?” म्हटल्यावर म्हणाले, “डबा करायला इथं कोण आहे, साहेब? आणि हॉटेलची थाळी रोज परवडत नाही.”

चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ लिहिताना रुग्णाला जेवण मिळतेच, असे आम्ही डॉक्टर गृहीत धरतो. मिस्त्रींची अडचण मात्र जुनी आहे. गाव सोडून शहरात राबणाऱ्याला परवडेल असे ताजे जेवण कोण देणार?

१९७२च्या दुष्काळात कामांवर सुकडी वाटली जायची; घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. १९७४ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. दिवसभर ओझी वाहणाऱ्यांना ना नफा-ना तोटा तत्त्वावर भाजी-भाकरी मिळू लागली. ज्यांना भूक माहीत होती, त्यांच्याच संघटनेने हे केंद्र चालवले, म्हणून ते टिकले.

१९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. वैद्यकीय दृष्टीने ही निवड चांगली होती. ज्वारी-बाजरीत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल बेसनातून मिळते, त्यामुळे प्रथिनांचा दर्जा सुधारतो. पण एक रुपयात खर्च भागत नाही. सारा डोलारा अनुदानावर होता. पुढे सरकार बदलले, अनुदान थांबले आणि अनेक केंद्रांवर झुणका-भाकरीऐवजी इतर खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले.

२६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. शहरात एका थाळीचा हिशेब ५० रुपयांचा. वरचे ४० सरकारने द्यायचे. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली. तेव्हा दर पाच रुपये झाला आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने थाळी मोफत मिळाली. हाताला काम नव्हते, तेव्हा अनेकांच्या पोटाला तिचाच आधार होता.

या थाळीत माझ्या अंदाजाने ५०० ते ६०० उष्मांक असतात. अवजड काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज सुमारे ३,५०० उष्मांकांची. म्हणजे थाळी पूर्ण आहार नव्हे. पण चहा-वडापाववर दिवस काढण्यापेक्षा वरण-भाजीचे ताट कितीतरी बरे. मात्र ते रोज, ठरल्या वेळी मिळाले तरच औषधाचे वेळापत्रक जमते. आठ दिवस चालू आणि चार दिवस बंद असलेले केंद्र मधुमेह्याच्या उपयोगाचे नाही.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. दुपारचे जेवण होत नसेल, तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळी किंवा तिची वेळ बदलता येते. स्वतःहून मात्र औषध बंद करू नका. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि शुद्ध असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग काहीतरी खा. शुद्ध हरपली, तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठा.

त्या मिस्त्रींची गोळी मी बदलली. आता नव्या रुग्णाला आधी विचारतो, “दुपारी जेवता कुठे?”