चोरीस: पावसाळ्याच्या बेगमीचे मांस

जूनमध्ये होड्या वर ओढल्या की गोव्यात ताज्या मासळीचे दिवस संपतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांची तजवीज म्हणून मे महिन्यातच सुकी मासळी, आमसुले, खारवलेल्या कैऱ्या घरात येतात. या बेगमीला तिकडे पुरुमेंत म्हणतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या आणि मडगावच्या इस्पिरीत सांताच्या फेस्तांना, म्हणजे चर्चच्या सणांना, त्यासाठी बाजार भरतो. ख्रिस्ती घरांत याच बेगमीत चुलीवर टांगलेली चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळही असे.

चोरीस कुळाने पोर्तुगीज. आल्फोन्सो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, त्यामागोमाग हे तंत्र आले. पोर्तुगालमध्ये थंडीत डुक्कर मारायचे, मांस लसूण आणि वाइनमध्ये मुरवून आतड्यात भरायचे आणि धुरावर सुकवायचे, अशी रीत. गोव्यात ना तशी कोरडी थंडी, ना द्राक्षाची वाइन. ती यायची जहाजातून. तोड माडावर सापडली. माडावर चढणाऱ्या रेंदेराने काढलेली सूर, म्हणजे माडी, आंबवून केलेले विनेगर मांसात गेले आणि लसणाची संगत मात्र कायम राहिली. विंदालूही याच घराण्यातला.

लाल रंगाबद्दल एक गैरसमज आहे. पोर्तुगीजांच्या सौम्य पाप्रिकाऐवजी गोवेकरांनी आपली तिखट मिरची घातली, असे सर्रास सांगितले जाते. पण मिरची आणि पाप्रिका दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. कोलंबसाच्या आधी युरोपातल्या सॉसेजलाही मिरचीचा लाल रंग नव्हता. म्हणजे या बाबतीत दोन्हीकडचे चोरीस नवशिकेच!

घरी चोरीस करायचा म्हणजे दोन-चार दिवसांचा घाट. मांसाचे बोराएवढे तुकडे, चरबीसकट. ते मिठात चोळून वजनाखाली दाबायचे, म्हणजे पाणी सुटते. मग ऊन दाखवायचे. सुकी मिरची, लसूण, आले, हळद, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळे विनेगरमध्येच वाटायचे. वाटणात पाण्याचा थेंब चालत नाही. मुरलेले तुकडे स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरायचे आणि थोड्या थोड्या अंतरावर दोऱ्याने आवळून मणी पाडायचे. पुन्हा ऊन, नाहीतर चुलीचा धूर. मीठ पाणी ओढून घेते, विनेगरच्या आंबटपणात जंतू सहजी वाढत नाहीत, धुराने वरची बाजू कोरडी राहते. फ्रिज नसलेल्या घरात कुंद पावसाळा निघायचा तो या तिघांच्या जोरावर.

खरी काटकसर मात्र पुढे, रांधताना आहे. मूठभर मणी सोडवून थोड्या पाण्यात शिजत ठेवायचे. चरबी सुटते, तिच्यातच कांदा परततो, म्हणून तेल नको. मसाला, मीठ, आंबट आधीच आत आहे. मग भरपूर बटाटे. चार-पाच माणसांचे जेवण पावाबरोबर उरकते आणि मांस प्रत्येकाच्या वाट्याला चार तुकडे आले तरी कुणी कुरकुरत नाही. चोरीस म्हणजे भाजी नव्हे, मांसाचा मसाला आहे. हल्ली हॉटेलांत ताटभर नुसता चोरीस वाढतात, ती मला उधळपट्टी वाटते, आणि तो खारटही लागतो. चोरीस-पाव विकणारा गाडीवाला जास्त शहाणा. त्याच्या पावात कांदा सढळ असतो.

विकतची माळ आता स्वस्त राहिलेली नाही आणि तिच्यात चरबी किती, हे कापल्याशिवाय कळत नाही. घरी करणार असाल तर एप्रिल-मेचे ऊन गाठा. विनेगर माडाचेच आणा. पोर्तुगीज चोरिसासारखा हा कापून कच्चा खायचा नसतो. नीट शिजवूनच खा. आणि बाकी कुठेही काटकसर करा, मिठात करू नका.