दिंडीच्या पेटीतलं चांदीचं नाणं

शताब्दीच्या निमित्तानं आम्ही दिंडीची जुनी पेटी उघडली. टाळ आणि हिशेबाच्या वह्यांखाली एक नाणं निघालं. २००२ साली भारत सरकारनं संत तुकाराम महाराजांच्या नावानं काढलेलं, शंभर रुपयांचं. वजन ३५ ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. असं नाणं बाजारात फिरत नाही, संग्रहासाठी विकलं जातं. फार वर्षांपूर्वी एका माळकऱ्यानं ते विठोबाला वाहिलं होतं.

आमच्यात वाद झाला. ज्या तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, राजाचा नजराणा परत पाठवला असं परंपरा सांगते, त्यांना चांदीत कशाला बसवायचं?

पण मागं वळून पाहिलं की या नाण्याचं मोल कळतं. शिवछत्रपतींच्या तांब्याच्या शिवराईवर देवनागरी अक्षरं होती. पुढं १७३७ साली घोडबंदरचा किल्ला मराठ्यांकडे आला, पण तेव्हाच्या मराठी मुलखातल्या चांदीच्या रुपयावर फारसी अक्षरं आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव असे. म्हणजे गरिबाच्या तांब्यावर आपली अक्षरं आणि चांदीवर दुसऱ्याची! स्वतंत्र भारतात मात्र मराठीत लिहिणाऱ्या संताचं नाव चांदीवर आलं. त्याआधी १९९९ साली ज्ञानोबा माउलींचं एक रुपयाचं नाणं निघालं होतं. ते चांदीचं नव्हतं, पण भाजीवालीच्या गल्ल्यात आणि वारकऱ्याच्या कनवटीला पोचलं. आम्हाला तेही तेवढंच मोलाचं.

चांदीच्या नाण्याची एक गंमतही घडली. आमच्या एका मावशीनं ते भक्तिभावानं चिंच आणि राखेनं घासून लख्ख केलं. नाणी जमवणाऱ्या एका जाणकारानं ते पाहून कपाळाला हात लावला. "घासलेल्या नाण्याची किंमत उतरते हो!" मावशी रडवेल्या झाल्या. आम्ही म्हटलं, "मावशी, आपल्याला कुठं विकायचंय?"

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तरी या रस्त्यावरच्या उंच इमारतींत वाढणाऱ्या आपल्याच नातवंडांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं. म्हणून आम्ही ठरवलंय, एकादशीला नाणं बाहेर काढायचं. हळदकुंकू लावायचं नाही, घासायचं नाही. पोरांनी कडेनं धरायचं, तुकोबांचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि मग गाथेचं पान उघडायचं.