आत्याची सनावळी

आमच्या आत्याला जन्मतारीख नव्हती. “टिळक गेले त्या सालची मी,” एवढेच ती सांगे. म्हणजे १९२०. बाकीचा इतिहासही तिने असाच घरच्या हिशेबात बसवलेला. १९६१ साली पानशेत फुटले, म्हणजे नारायण पेठेतल्या घरातून तिचे माहेरचे पितळी घंगाळ मुठेत वाहून गेले. १९७२ चा दुष्काळ म्हणजे रेशनच्या मिलोची धड न थापता येणारी भाकरी. १९७५ ची आणीबाणी मात्र तिला नवी वाटली नाही. आतोबांनी ती १९३८ साली, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच लागू केली होती, आणि उठवायची राहून गेली.

१९८३ च्या जूनमध्ये आत्या गेली. तिचे नाव कुठल्या इतिहासात नाही. पण आमच्या घरात आजही म्हणतात, “आत्या गेली ना, त्याच महिन्यात कपिलदेवने विश्वचषक जिंकला.”