इंजिनेर व्हायला निघालेली पोरं

भिवंडीहून वाड्याकडं निघालं की वाटेत अंबाडीचा नाका लागतो. इथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडं फुटतो. नाक्यावर चहाच्या टपऱ्या, भाजी घेऊन बसलेल्या बाया, एसटीची वाट बघणारी माणसं आणि आता त्यांच्या जोडीला मोठमोठे कंटेनर. माझं लहानपण ह्याच भागातलं. घरी भाताची शेती, वर्षाचे चार महिने चिखल आणि उरलेले आठ महिने मिळेल ते काम. अशा गावांतून पोरं इंजिनीअरिंगला कशी गेली, कोण टिकली, कोण माघारी आली, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून जेवढं पाहिलं, ऐकलं आणि भोगलं तेवढं मांडतो.

खरं म्हणजे इंजिनेरांचं काम आमच्या भागाला नवं नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. त्याच 1854 साली पुण्यात इंजिनीअरिंगचा वर्ग सुरू झाला. सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती, म्हणून. त्याच वर्गाचं पुढे पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज झालं. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तीच आपली व्हीजेटीआय. आधी ती भायखळ्याला होती, 1923 पासून माटुंग्याला आहे. गिरण्यांना यंत्रं सांभाळणारी माणसं लागत होती, हे ती निघण्यामागचं मोठं कारण. 1892 साली तानसाचं धरण पुरं झालं आणि आमच्या नदीचं पाणी पाइपातून मुंबईला जायला लागलं.

म्हणजे बघा, रेल्वे आमच्या बाजूनं गेली, पाइप आमच्या तालुक्यातून गेले, पुढं भिवंडीत घरोघर यंत्रमाग खडखडायला लागले. माती उपसायला, दगड वाहायला, माग चालवायला आमची माणसं होती. नकाशा काढणारा मात्र बाहेरचा असायचा. भिवंडीत मागाचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगणारे फिटर आणि जॉबर मी पाहिलेत. कागदावर त्यांची सही चालत नसे, एवढाच फरक. पण त्या फरकानं पगार ठरायचा, आणि पगारानं घर.

जुन्या काळी कागदापर्यंत पोचायची शिडी फार लांब होती. अकरावीची मॅट्रिक, मग कॉलेजात सायन्सचं पहिलं वर्ष, मग इंटर सायन्स, आणि इंटरला चांगले मार्क पडले तर इंजिनीअरिंग. गावातली बहुतेक पोरं मॅट्रिकच्या अलीकडंच गळायची. आमच्या वडिलांच्या पिढीत जो मॅट्रिक झाला तो मास्तर झाला, नाहीतर तलाठी, नाहीतर मुंबईत कारकून. त्यातही त्याचं गावात केवढं कौतुक! 1958 साली पवईची आयआयटी सुरू झाली. भिवंडीहून पवई ती किती लांब? पण आमच्याकडं तिचं नाव पोचायलाच पंचवीस-तीस वर्षं लागली.

1975 साली नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, 1977 साली पहिली बारावी. शिडी थोडी सरळ झाली. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सच्या मार्कांवर प्रवेश मिळायला लागला. पण जागा मोजक्याच. ज्यांच्याकडं पैसा होता ते कर्नाटकात देणगी भरून जायचे. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खाजगी संस्थांना विनाअनुदान कॉलेजं काढायला परवानगी दिली आणि बघता बघता महाराष्ट्रात इंजिनीअरिंग कॉलेजं उभी राहिली. देणगीची बोंब झाली तेव्हा 1987 साली ती घेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. 1993 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ‘फ्री सीट’, ‘पेमेंट सीट’ हे दोन शब्द गावागावांत पोचले. निम्म्या जागा मार्कांवर कमी फीत, निम्म्या जास्त फीत.

मी 1994 साली बारावी झालो आणि नवी मुंबईकडच्या एका कॉलेजात मला फ्री सीट मिळाली, ब्रँच मेकॅनिकल. नाक्यावर वडिलांनी पेढे वाटले. एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “इंजिनेर म्हंजी गाडीचा का घराचा?” वडील म्हणाले, “दोन्हींचा.” त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

गावाला वाटतं, प्रवेश मिळाला म्हणजे पोरगा इंजिनेर झाला. सगळं अवघड तर त्याच्या पुढं असतं.

पहिली अडचण रस्त्याची. अंबाडीहून एसटीनं भिवंडी, भिवंडीहून दुसरी गाडी ठाण्याला, तिथून पुढं आणखी एक. सकाळी आठच्या लेक्चरला बसायचं तर पहाटेची गाडी गाठायची, आणि पावसात ती आली तर आली. महिनाभर मी ये-जा केली. वर्गात बसलो की डोळे मिटायचे. शेवटी आमच्याच भागातल्या तीन सीनियर पोरांनी कळव्याला चाळीत खोली घेतली होती, तिथं त्यांनी मला चौथा म्हणून घेतलं. भाडं चौघांत. घरून तांदूळ यायचा, सुकी मासळी यायची. एकानं भात टाकायचा, दुसऱ्यानं भांडी घासायची, असा पाळीचा कागद भिंतीला चिकटवलेला.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत आम्ही त्वरण, संवेग, जडत्व म्हणत आलो. अकरावीला सायन्स घेतलं की एका रात्रीत त्यांचं ॲक्सलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होतं. दोन वर्षांत लिहायला येतं, पण बोलायला येत नाही. इंजिनीअरिंगला बऱ्याच विषयांची तोंडी परीक्षा, व्हायवा. गणित सुटलेलं असायचं, उत्तर माहीत असायचं, आणि तरी समोरच्या परीक्षकाला ते सांगता येत नसल्यामुळं आमची पोरं खाली मान घालून उभी राहायची. परीक्षक समजायचा, ह्यानं अभ्यासच केलेला नाही.

तिसरी अडचण ड्रॉइंगची. शंकू एका कडेवर उभा केलाय, तो जमिनीशी पंचेचाळीस अंशांत कललाय, आता वरून कसा दिसेल ते काढा. शहरातल्या पोरांनाही हे जड जायचं, पण त्यांच्यातल्या काहींनी क्लास लावलेले असायचे. आम्हाला खोलीतल्या मोठ्यानं शिकवलं. तो व्हीजेटीआयला होता, शेवटच्या वर्षाला. एका रात्री त्यानं स्वयंपाकाचे बटाटे घेतले, सुरीनं तासून एकाचा शंकू केला, एकाचा प्रिझम. तिरके कापून दाखवले आणि म्हणाला, “कापलेली बाजू वहीवर ठेव, पेन्सिल फिरव. हेच सेक्शन.” एन. डी. भट्टांच्या पुस्तकात जे तीन आठवडे कळत नव्हतं ते एका रात्रीत कळलं. दुसऱ्या दिवशी त्या बटाट्यांची भाजी खाल्ली.

एका ठिकाणी मात्र आम्ही पुढं होतो, ते म्हणजे वर्कशॉप. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा, लाकडाचा सांधा जुळवायचा, भात्यावर लोखंड तापवायचं. लहानपणापासून कोयता, विळा, कुदळ हातात, त्यामुळं आमचे जॉब पहिल्या खेपेला पास व्हायचे. इतर पोरं आमच्याकडं मदतीला यायची, आणि त्या बदल्यात कोणी गणिताच्या नोट्स द्यायचा, कोणी व्हायवाची तयारी करून घ्यायचा. वर्गातली आमची पहिली ओळख अशी झाली.

आता केटीविषयी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई विद्यापीठात तेव्हा शंभर मार्कांचा पेपर, पासाला चाळीस. ठरावीक विषयांपर्यंत नापास झालात तरी पुढच्या वर्गात बसता येतं, ते विषय मागे राहतात. ह्याला म्हणतात केटी लागली. पण पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. मग वर्षभर घरी. ह्या नियमानं जेवढी गावाकडची पोरं घरी बसवली तेवढी प्रवेशाच्या यादीनं बसवली नसतील. कारण प्रवेश नाही मिळाला तर पोऱ्या दुसरं काही शिकतो. इथं मात्र दोन वर्षांची फी, खोलीचं भाडं, बापाचं कर्ज, सगळं अर्ध्यावर लटकतं.

आमच्या खोलीतला एक जण असाच अडकला. हुशार होता, बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क. पहिल्या वर्षाचं गणित आणि मेकॅनिक्स राहिलं. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर त्याची तयारी करायची, तीत दुसऱ्या वर्षाचेही विषय राहिले. बापानं शेत गहाण ठेवलेलं. गावी गेला की लोक विचारायचे, “कितवं वर्ष रं?” पुढं पुढं तो गावी जाईना. दिवाळीतसुद्धा खोलीवरच राहिला. शेवटी एका पावसाळ्यात त्यानं सामान बांधलं. जाताना ड्राफ्टर माझ्या हातात दिला. ड्राफ्टर म्हणजे ड्रॉइंग बोर्डाला लावायचं सरळ रेघा मारायचं साधन. त्यावर त्याच्या आधीच्या दोघांची नावं ब्लेडनं कोरलेली होती. तो म्हणाला, “माझं नाव नको टाकू.” मी टाकलं. पुढं त्यानं भिवंडीत माग दुरुस्तीचं काम धरलं, शेत सोडवलं. आज त्याच्याकडं सहा माणसं कामाला आहेत. कोणी त्याला अपयशी म्हटलं तर मला राग येतो. पण त्या दोन वर्षांत तो जसा झिजला, ते मी विसरलेलो नाही.

मग जी टिकली ती कशी टिकली? ती जास्त हुशार होती असं मला वाटत नाही. पेपर कसा सोडवायचा हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगितलं. सात प्रश्न, पहिला सक्तीचा, उरलेल्या सहांतले कोणतेही चार. मागच्या पाच वर्षांचे पेपर समोर मांडायचे, कोणता धडा दर वेळी येतो ते बघायचं, आणि आधी तेवढे धडे पक्के करायचे. कुंभोजकरांच्या गणिताच्या पुस्तकातली कुठली उदाहरणं सोडायची नाहीत, ह्याच्या खुणा सीनियरनं पेन्सिलीनं करून ठेवलेल्या. शहरातल्या पोरांना हे क्लासमध्ये, घरात, शेजारी कळतं. आम्हाला ते कळव्याच्या खोलीत कळलं. ज्यांना अशी खोली मिळाली नाही, ती पोरं पहिल्या सहा महिन्यांतच एकटी पडायची.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. आमच्या वेळी आमच्या ओळखीतली एकच मुलगी इंजिनीअरिंगला होती. तिला खोली घेऊन राहायची मुभा नव्हती. चारही वर्षं ती एसटीनं ये-जा करत राहिली आणि उभ्यानं अभ्यास करत पास झाली. आमच्यात तिच्याएवढं कोणी सोसलं नाही.

त्यानंतर पुष्कळ बदललं. सीईटी आली, तिच्या मागोमाग क्लास आले. फीच्या सवलती, शिष्यवृत्त्या आल्या. 2024 साली राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. 2021 पासून जेईई मेन मराठीतूनही देता येते, आणि त्याच सुमारास मराठीतून इंजिनीअरिंग शिकवायलाही मान्यता मिळाली. भिवंडीच्या आसपास शेतांवर गोदामं उभी राहिली, काहींनी जमीन विकून पोरांची फी भरली. एके काळी मोजक्या असलेल्या जागा आता कित्येक कॉलेजांत रिकाम्या राहतात.

दार एवढं रुंद झालं तरी नाक्यावर मला अजून अशी पोरं भेटतात, ज्यांचं पहिलं वर्ष दोनदा झालंय. नोट्स आता मोबाईलवर आहेत, व्हिडिओ आहेत. पण “हे मला येत नाही” हे लाज न वाटता कोणाला सांगायचं, तो माणूस मोबाईलमध्ये सापडत नाही. सरकारनं दार उघडलं, ते चांगलंच झालं. आत गेल्यावर हात धरायचं काम मात्र आधीही आमच्या आमच्यात चालायचं आणि आताही ते आपल्यालाच करावं लागणार आहे. आमच्या भागात आता इंजिनीअर झालेली माणसं पुष्कळ आहेत, बरीचशी कल्याण-ठाण्यात राहतात. सणाला, लग्नाला गावी येतातच. आल्यावर आपल्या आळीतल्या पहिल्या वर्षाच्या पोराला बोलावून घ्या. कुठं राहतोस, कोणता विषय अडलाय, एवढं विचारा. आणि घरात बटाटे तर असतातच.