फिरती चकती आणि स्थिर स्मृती



भोपाळपासून जवळच असलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांकडे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे लक्ष १९५७ साली गेले. तेथील गेरूची चित्रे कोणी न जपताही हजारो वर्षे टिकली होती. आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेत आयबीएमने चकत्यांवर नोंदी ठेवणारे ‘रामॅक’ हे यंत्र जाहीर केले. योगायोगच, परंतु नोंद कशावर टिकते, हा आजचा विषय असल्याने तो मला टाळवत नाही.

रामॅकमध्ये ६१ सेंटिमीटर व्यासाच्या पन्नास चकत्या मिनिटाला १,२०० वेळा फिरत, आणि एवढ्या सरंजामात मावत ती अवघी पन्नास लाख अक्षरे. पुढे हार्ड डिस्क तळहातावर मावू लागली, फेऱ्या ७,२०० झाल्या. तत्त्व मात्र तेच राहिले. चुंबकीय लेप, त्यावर अतिसूक्ष्म अंतरावर तरंगणारे वाचक शीर्ष, आणि हवी ती नोंद त्याखाली फिरून येईपर्यंतची प्रतीक्षा. ही प्रतीक्षा सरासरी चार सहस्रांश सेकंदांची. संगणकाच्या हिशेबी ते युगच! शिवाय धक्का बसून शीर्ष चकतीला टेकले, की लेप खरवडलाच.

दुसऱ्या वाटेचे बीज १९६७ साली बेल प्रयोगशाळेत पडले. दवन कांग आणि सायमन झी यांनी निरोधकाने वेढलेल्या धातूच्या थरात विद्युत्भार कोंडून ठेवण्याची युक्ती मांडली. १९८० च्या दशकात तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी त्याच तत्त्वावर फ्लॅश स्मृती सिद्ध केली. आजची सॉलिड स्टेट ड्राइव्ह तिचीच बनलेली. तिच्यात फिरणारे काहीच नाही. नोंद सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात हाती येते. मात्र दर पुसण्यागणिक निरोधक झिजतो आणि कोंडलेला भार हळूहळू झिरपू लागतो, उष्णतेत अधिकच.

जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, ठरलेले सारे लेखन करून झालेल्या घरगुती ड्राइव्हने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सियसला एक वर्ष नोंदी टिकवाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह पुष्कळ अधिक टिकते, हे खरे. परंतु भोपाळचा मे महिना चाळिशी ओलांडतो, आणि आपली कपाटे तेव्हा बंद असतात.

म्हणून शाळेचे रोजचे काम खुशाल नव्या ड्राइव्हवर चालावे. जुन्या हजेरीपटांच्या व स्नेहसंमेलनांच्या छायाचित्रांच्या प्रती मात्र दोन हार्ड डिस्कवर, दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवाव्यात, आणि दर वर्षी त्या लावून, उघडून पाहाव्यात. न फिरवता ठेवलेली चकतीही कधीकधी अडून बसते.